धुरळ्याचा कडता

माझे वडील निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी आईच्या भाकरीला ‘फेअर’ दिला.

तसा दोष त्यांचा नव्हता. एकतीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर समोर येऊन उभा राहिला की नाना कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचे, मूठभर माल बाहेर ओढायचे, टेबलावर उघड्या ठेवलेल्या नमुन्यांच्या पेटीशेजारी धरायचे आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात शेतकऱ्याचं नाव आणि ग्रेड पुकारायचे. सगळ्यात वर सुपर, मग एफएक्यू, मग फेअर आणि तळाला कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला माल. पुकारलेला ग्रेड नानांनी आयुष्यात बदलला नाही. लोक पाया पडले, लोकांनी शिव्या घातल्या, एक जण तर केंद्राच्या दारात उपोषणाला बसला. नानांनी त्याला दुपारी आपल्या डब्यातली दोन केळी नेऊन दिली, त्याने ती खाल्ली, आणि ग्रेड तोच राहिला.

‘झुलाल ग्रेडर कडू शे, पन खोटा नही,’ असं पाचोऱ्याच्या बाजारात म्हणत. नानांची खरी कमाई म्हणाल तर हे एवढंच वाक्य. त्यावर ते ताठ मानेने जगत होते आणि आम्हालाही जगायला लावत होते.

निवृत्तीनंतर हा सगळा ताठा घरात आला. भाकरी झाली, शेजाऱ्यांचा नवा जावई झाला, माझ्या साड्या झाल्या. मला बघायला आलेल्या एका मुलाला नानांनी तो पोहे खात असतानाच ‘एफएक्यू’ पुकारला. मुलाने अर्थ विचारला, नानांनी प्रामाणिकपणे सांगितला, आणि पोहे तसेच राहिले. मला फारसं वाईट वाटलं नाही. आई मात्र आठवडाभर माझ्याशीच बोलली नाही, जणू ग्रेड मी दिला होता.

“कुंदा, तुझ्या वडिलांना काहीतरी काम बघ,” ती शेवटी म्हणाली. “नाहीतर मी माहेरी जाते. तिथे तरी मला कोणी तोलणार नाही.”

मी जळगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि रोज पाचोऱ्याहून पॅसेंजरने जायची-यायची. कॉलेजात आमचं एक हौशी खगोल मंडळ होतं. मोठ्या जाड पीव्हीसी पाइपात दहा इंची आरसा बसवून आम्ही दुर्बीण बनवली होती. आरसा घासायला दोन वर्षं लागली. पाइप बघून पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण बोअरिंगला पाणी किती लागलं ते विचारायचा. ही गोष्ट पंच्याण्णव सालची. त्या जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. पंडितांचं पत्र सगळ्या हौशी मंडळांना आलं. ते वाचताना मला दुर्बीण नाही, नाना डोळ्यांसमोर दिसले.

पत्रातली गोष्ट साधी होती. कन्या राशीत एक दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा पसारा, पण अतोनात दूर. तिच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्याजवळून निघालेला एक झोत नेमका आपल्याकडे रोखलेला आहे. त्या झोतामुळे ती गॅमा किरण ओकते आणि तिचा साधा उजेडही कधी चढतो, कधी उतरतो. गॅमा किरण जमिनीवर पोचत नाहीत. ते मोजायला अमेरिकेचा एक उपग्रह वर फिरत होता. साधा उजेड मात्र दुर्बिणीतून आपण बघू शकतो. दोन्ही एकदमच चढतात की मागेपुढे, हे कळलं तर त्या पोटात काय शिजतंय ते कळेल. त्यासाठी रोज कोणीतरी बघायला हवं होतं. पुण्याच्या मोठ्या दुर्बिणीला रोज एकीकडेच बघायला सवड नव्हती.

बघायचं कसं, तर शेजारच्या ताऱ्यांशी ताडून. त्या ताऱ्यांचं तेज ठरलेलं असतं, बदलत नाही. दीर्घिका अमक्यापेक्षा मंद आणि तमक्यापेक्षा तेजस्वी, दोघांच्या मध्ये साधारण कुठे, एवढं डोळ्याने ठरवून लिहायचं.

मी हे नानांना चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“म्हणजे नमुन्यांची पेटी वर आहे, आणि गाडी तिच्या शेजारी उभी आहे.”

“अगदी तेच.”

“आणि गाडीचा शेतकरी?”

“शेतकरी नाही, नाना.”

“भांडायला कोणीच येणार नाही?” नाना जरा नाराज झाले, पण तयार झाले.

दिव्यांपासून लांब जागा हवी होती. ती मिळाली ती पाचोऱ्यापासून तीन किलोमीटरवर सुपडूभाऊंच्या रानात. यात एक गंमत होती. सुपडू निंबा हा माणूस नानांचा अकरा वर्षांचा शत्रू. चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत, धुकं आणि ढग असलेल्या एका सकाळी नानांनी त्यांच्या कापसाला ‘फेअर’ पुकारला होता. सुपडूभाऊंचं म्हणणं, माल सुपर होता. तेव्हापासून बाजारात, लग्नात, एकदा तर मयतीतसुद्धा नाना दिसले की ते रामराम करायचे आणि लगेच म्हणायचे, “मना कापूस सुपर व्हता.” नाना म्हणायचे, “फेअर.” मग दोघं आपापल्या वाटेने जायचे.

मी जागा मागायला गेले तेव्हा सुपडूभाऊ मनापासून हसले. “लई या, बाई. नानास्ले आभाय देखू द्या. खाले जमीनवर त्यास्नी कोनले सुख दिधं?”

मंडळाच्या मुलांनी दुर्बीण टेम्पोतून आणून रानात ठेवली, आणि असं सुरू झालं. जेवण लवकर उरकायचं, मी लुनावर नानांना मागे बसवायचं, आणि कन्या रास वर यायच्या वेळेला रानात हजर व्हायचं. सुरुवातीला थंडीत उशीर व्हायचा, एप्रिलपासून मात्र आठ-साडेआठलाच काम आटपायचं. सुपडूभाऊ, डोळे दिपू नयेत म्हणून लाल कापड गुंडाळलेली बॅटरी धरून बसायचे. त्यांना तेवढ्यासाठी बसायची काही गरज नव्हती. पण शत्रूला काम करताना बघायचं सुख सोडवत नसावं.

नानांनी शेजारच्या ताऱ्यांना नावं दिली. सगळ्यात तेजस्वी तो सुपर, त्याच्याखालचा फेअर, आणि डोळ्याला जेमतेम दिसणारी ती कवडी. एफएक्यूला तारा उरला नाही याची त्यांना चुटपुट लागून राहिली. सुपरपासून खाली फेअरपर्यंत त्यांनी मनात दहा पायऱ्या पाडल्या. दीर्घिकेला ते गाडी म्हणायचे. पाच मिनिटं डोळा लावून बसायचे, डोळा काढायचे, पुन्हा लावायचे आणि मग अंधारात, ऐकायला मी आणि सुपडूभाऊ सोडून कोणी नसताना, केंद्रावरच्या आवाजात पुकारायचे, “गाडी! पाचवी पायरी!” लांब कुठेतरी कुत्री भुंकायची.

“कोनले सांगी राहिनात?” सुपडूभाऊ विचारायचे. “ती आयकस का तठे?”

पण नानांचा डोळा! मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मंडळातली मुलं दोन-दोन पायऱ्यांनी चुकायची. मी एका पायरीने चुकायची. नानांचं उत्तर मी पहिला महिनाभर चोरून तीन-तीनदा तपासलं, ते तेच यायचं, म्हणून मग तपासणं सोडून दिलं. नाना पायरीची चिठ्ठी लिहायचे, त्यावर तारीख आणि आकाशाची अवस्था टाकायचे, निरभ्र असेल तर ‘नि’, धुरळा असेल तर ‘धु’, आणि सही करायचे. मी दर शनिवारी चिठ्ठ्या पुण्याला पाठवायची. मार्चमध्ये डॉ. पंडितांचं कार्ड आलं. ‘पाचोऱ्याचे निरीक्षक कोण आहेत? असा डोळा मी पाहिला नाही.’ आईने ते कार्ड देवाच्या फोटोमागे खोचलं, आणि नानांनी त्या दिवशी भाकरीला सुपर दिला.

एप्रिलमध्ये गंमत वाढली. गाडी मधूनच झपकन उतरायला लागली. आज चौथी पायरी, उद्या सातवी, परवा पुन्हा चौथी. पुण्याहून उत्साहाने पत्रं यायला लागली. एका दिवसात एवढा उतार म्हणजे झोतात काहीतरी मोठं घडत असणार. नाना मिशीला पीळ भरायला लागले. सुपडूभाऊसुद्धा बॅटरी धरून विचारायला लागले, “आज काय म्हनस गाडी?” आणि उतार असला की हळहळायचे, जशी त्यांच्याच शेतातून ती गाडी भरून निघाली होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जे पत्र आलं ते मात्र मी पॅसेंजरमध्येच उघडलं आणि पाचोरा येईपर्यंत ते माझ्या पर्समध्ये जळत राहिलं.

धुळ्याला बन्सीलाल सर नावाचे एक मास्तर होते. त्यांच्या कॉलेजला मोठी दुर्बीण मिळाली होती, आणि तिच्या मागे लावायला त्यांनी उजेड मोजणारं एक यंत्र स्वतः जुळवलं होतं. ते त्या यंत्राला इतके जपायचे की एसटीत मांडीवर घेऊन बसायचे आणि कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं की मुलाचं अर्धं तिकीट काढायचे. त्यांचे आकडेही पुण्याला जात होते. डॉ. पंडितांनी दोन्ही शेजारी ठेवले. धुळ्याच्या आकड्यांत एकही झपकन उतार नव्हता. ‘एकशे नऊ नोंदींपैकी कोणत्या खऱ्या आणि कोणत्या नाहीत हे सांगता येत नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘कारण सापडलं नाही तर पाचोऱ्याची सगळी मालिका बाजूला ठेवावी लागेल. मला फार वाईट वाटतं.’

नानांनी पत्र दोनदा वाचलं.

“बाजूला म्हणजे?”

“म्हणजे वापरणार नाहीत.”

“म्हणजे कवडी.”

आई ओट्यापाशी पोळपाट तसाच धरून उभी राहिली.

“माझ्या शब्दाला कवडी,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, हेच मला सोसवेना. एकतीस वर्षं एकाही माणसाला जे जमलं नव्हतं ते एका डब्याने धुळ्यात बसून केलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं आणि एकच ओळ सांगितली, “या आणि बघा.”

डॉ. पंडित खरंच आले. पंचेचाळिशीचा, बारीक, भलताच सभ्य माणूस. नानांना खाली वाकून नमस्कार केला तेव्हाच माझा निम्मा राग गेला. सुपडूभाऊंच्या घरच्या, रुक्माबाईंनी, त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. पहिल्या घासाला डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते भावनेचं असल्यासारखं दाखवलं.

त्या संध्याकाळी नेमका वारा सुटला होता. नांगरून पडलेल्या रानांतली माती वर चढली होती आणि चंद्र नसतानाही आभाळ मळकट दिसत होतं. “उद्या बघू या का?” मी विचारलं. नाना म्हणाले, “गाडी आली की ग्रेड द्यायचा. उद्या ये म्हणून मी कोणाला परत पाठवलं नाही.”

ते दुर्बिणीला डोळा लावून बसले. सुपडूभाऊंनी बॅटरी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग नाना सरळ झाले आणि पुकारले, “गाडी! सातवी पायरी!”

“मी बघू?” डॉक्टर म्हणाले. ते वाकले. मी मनात देवाची नावं घेतली. फिजिक्स शिकवते म्हणून काय झालं?

“मला काही तुमच्यासारखा डोळा नाही,” डॉक्टर जरा वेळाने चाचरत म्हणाले, “पण मला आपली चौथी पायरी वाटते.”

“बरोबर,” नाना म्हणाले. “चौथीच दिसते.”

डॉक्टरांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. “तुम्हालाही चौथीच दिसते?”

“स्पष्ट.”

“मग सातवी का पुकारलीत?”

“धुरळा आहे ना,” नाना त्यांना समजावत म्हणाले. “तीन पायऱ्या कडता.”

कडता म्हणजे काय ते खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. माल ओला असेल, मातकट असेल, म्हणून मापातून आधीच थोडं कापून घेतात, तो कडता. पुण्याच्या माणसाला मात्र मला ते सांगावं लागलं. चार महिने मी शेजारी बसले होते, चिठ्ठ्या मोजून पाकिटात घातल्या होत्या, आणि एकदाही विचारलं नव्हतं. नानांना कोणी विचारतच नसे.

“डोळा अशा वेळी फसतो,” नाना पुढे बोलत होते. “मळकट उजेडात माल आहे त्यापेक्षा बरा वाटतो. म्हणून खाली उतरवून ठेवायचा. केंद्रावर ढग असले तर एक ग्रेड, धुकं असलं तर एक, दोन्ही असलं तर दोन, असं मी कापूनच पुकारायचो. वरच्या साहेबांनी कधी नाव ठेवलं नाही.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. काय बोलावं, कसं बोलावं, म्हाताऱ्या माणसाचा मान कसा राखावा, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर त्या लाल उजेडात दिसत होतं. पण त्यांच्याआधी सुपडूभाऊ बोलले.

“नाना, ढग मना कापूसवर व्हता. आनि तुमनी पेटीवर काय ऊन पडेल व्हतं का?”

वारा पाइपाच्या तोंडावर घुमत होता.

“पेटी बी तठेच व्हती, ढगमाच. शेजारे ठेईसन देखं तुमी. मंग ढगना कडता एकटा मनाच काब्र?”

“तेच,” डॉक्टर हळूच म्हणाले. “धुरळा गाडीवर जेवढा, तेवढाच नमुन्यांवर. ताडून बघितलं की तो आपोआप वजा होतो, नाना. वेगळं काही कापायचं राहत नाही.”

नाना उठले. बांधाकडे चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी जाणार होते, पण सुपडूभाऊंनी मला मान हलवून थांबवलं. अकरा वर्षं वाट पाहून आज ते जिंकले होते, आणि तोंडावर आनंद म्हणून काडीचा नव्हता.

बऱ्याच वेळाने नाना परत आले. “कुंदा, ‘धु’ लिहिलेल्या चिठ्ठ्या किती?”

पंडितांनी सगळ्या चिठ्ठ्या पुण्याहून सोबत आणल्या होत्या. मी त्यांतल्या वेगळ्या काढून मोजल्या. “एक्केचाळीस.”

“प्रत्येकीवर तीनच पायऱ्या कापल्यात. कमी नाही, जास्त नाही. उद्या मला सगळ्या दे. मी दुरुस्त करून सही करतो.”

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसले. समोर एक्केचाळीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर जुना आकडा एका रेघेने खोडायचा, शेजारी नवा लिहायचा आणि सही. खाडाखोड आयुष्यात केली नव्हती, त्यामुळे पहिली रेघ मारताना हात अडला. आईने शेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तिथेच गहू निवडत बसली. ते काम तिने चार दिवसांपूर्वीच संपवलं होतं.

डॉक्टर त्या चिठ्ठ्या घेऊन गेले, आणि आठ दिवसांत त्यांचं पत्र आलं. ते सगळे झपकन पडणारे उतार गेले होते. त्यांच्याखाली लपलेली खरी गोष्ट वर आली होती. गाडी मार्चच्या अखेरीपासून पाच आठवडे अगदी सावकाश, पायरीपायरीने चढत गेली होती. धुळ्याचं यंत्र मधले दहा दिवस बंद होतं, तेव्हाची चढण फक्त पाचोऱ्याने पाहिली होती. मालिका पूर्ण ठेवणार होते. निरीक्षकाच्या नावासह.

मी ते पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं, आईला रडू आलं. नाना म्हणाले, “चांगलं झालं,” आणि तंबाखूची डबी उघडून नुसते बघत बसले.

“नाना, आता काय झालं?”

“आभाळाच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या दुरुस्त झाल्या,” ते म्हणाले. “थंडीत धुक्याचे दिवस किती असतात गं? सालाला वीस धर. एकतीस सालं.”

मी हिशोब केला नाही. मला करायचा नव्हता. “नाना, ते आता कुठे दुरुस्त होणार?”

“गाडी तिथे इतकी लांब, तिचं दुरुस्त केलं,” नाना म्हणाले. “सुपडू तीन किलोमीटरवर आहे.”

सोमवारी सकाळी सहाला ते केंद्रावर घालायचे तो पांढरा सदरा घालून दारात उभे होते. “लुना काढ.”

सुपडूभाऊंच्या गावात त्या वेळी सगळे डेअरीपाशी असतात. पंधरा-वीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी होती. मधोमध सुपडूभाऊ, मागे रुक्माबाई दुसरी किटली घेऊन. नाना थेट टेबलाशेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. आणि मग तो आवाज, जो त्या गावाने नाना निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता.

“सुपडू निंबा! जानेवारी चौऱ्याऐंशी! सुपर!”

रांग जागच्या जागी थिजली. दूध मोजणाऱ्याला वाटलं, आता दुधालाही ग्रेडर आला. त्याने मापं पाठीमागे लपवली.

सुपडूभाऊंनी किटली खाली ठेवली, धावत येऊन नानांचं मनगट धरलं आणि त्यांना कडुलिंबाआड ओढत नेलं. मी मागोमाग गेले.

“काय करी राहिनात तुमी?”

“ग्रेड दुरुस्त करी राहिनू,” नाना म्हणाले. “चूक मनी व्हती.”

“नका करू, नाना.” सुपडूभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “त्या कापूसमा खाले कवडी व्हती. दोन पोतं. मी सोता दाबेल व्हती.”

मी आ वासला. नाना मात्र शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिले.

“मंग अकरा वरीस शिव्या काब्र दिन्यात माले?”

“तुमले ती कवडी दिखेल नव्हती ना!” सुपडूभाऊ खरोखरच दुखावून म्हणाले. “कवडी देखीसन कापतात, ते मी तोंड उघडतू नही. तुमी ढगना नावे कापं. मंग शिव्या देवाना हक्क व्हता मना.”

नानांनी यावर विचार केला. पाच मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसावं तसा, घाई न करता.

“मना हात तठलोंग पोचना नही?”

“नही.”

“मना हातमा जो कापूस उना, तो कसा व्हता?”

सुपडूभाऊंनी मान खाली घातली. “दूधना मायक, नाना.”

“मंग सुपर,” नाना म्हणाले. “माले जे दिखनं ते मी सांगाले पाहिजे व्हतं. तू काय दाबं, ते तू देख.”

ते परत टेबलापाशी गेले आणि त्यांनी पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने पुकारलं. रुक्माबाईंना कवडीची गोष्ट ठाऊक असणार, कारण त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की किटलीतलं दूध सांडलं. सुपडूभाऊ रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि रुमालाने चेहरा पुसत राहिले. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि ते कोणाकडे बघत नव्हते.

मला वाटलं, झालं, आता घरी जाऊ, मला आठची पॅसेंजर मिळेल. पण रांगेच्या शेवटी जीवराम नावाचा एक म्हातारा होता. त्याने हात वर केला.

“नाना, मनी बी व्हती एक गाडी. शहाऐंशीले. सक्रांतना आगला दिवस.”

नाना त्याच्याकडे वळले. “धुकं व्हतं का त्या दिवशी?”

“व्हतं.”

“आनि मी काय पुकारं?”

“एफएक्यू.”

नानांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांतली एक गाडी शोधायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि पुकारलं, “जीवराम! सुपर!” त्यावर आणखी दोघं पुढे आले. एकाला नाना म्हणाले, “तुना फेअरच व्हता, त्या दिवशी ऊन व्हतं,” आणि तो निमूट मागे गेला. कोणीतरी नानांना बसायला पालथी किटली दिली. त्यांनी ती बाजूला सारली. ग्रेड उभ्यानेच द्यायचा असतो.

साडेनऊपर्यंत त्यांनी अकरा ग्रेड बदलले. आवाज हळूहळू बसत गेला, सदरा घामाने पाठीला चिकटला, पण प्रत्येक नाव रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. माझी गाडी चुकली. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही.